‘सेफ’ म्हणणारा चौकोन

तुम्ही राहता ती इमारत काँक्रीट आणि सळयांवर उभी आहे, असा तुमचा समज असेल तर तो बिल्डरने करून दिलेला आहे. ती एका एक्सेल शीटवर उभी आहे.

लोकांना वाटतं, स्ट्रक्चरल इंजिनियर मोठाल्या पडद्यांसमोर बसून महागडी सॉफ्टवेअर चालवतात. चालवतातही. स्टॅड किंवा ईटॅब्स उघडतात, इमारतीचा सांगाडा उभा करतात, त्यावर भूकंप सोडतात आणि सांगाडा डुलायला लागला की क्लायंटला बोलावून दाखवतात. क्लायंट भारावतो, चहा येतो. तो लिफ्टमध्ये शिरला की त्या सॉफ्टवेअरमधले मोमेंट आणि शिअरचे आकडे मुकाट्याने उचलायचे आणि ‘आपल्या शीट’मध्ये टाकायचे. बीमला खाली सळया किती, वर किती, रिंगा किती अंतरावर, हा निवाडा शीटचा. सॉफ्टवेअर तीन सळया म्हणालं आणि शीट चार म्हणालं, तर चार. शीट तीन म्हणालं आणि सॉफ्टवेअर चार, तर सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी सेटिंग चुकलं असणार.

हे शीट बनवलं कुणी, हा प्रश्न ऑफिसात विचारायचा नसतो. शीट विरजणासारखं असतं. मूळ कुणी लावलं ते कुणालाच ठाऊक नसतं, प्रत्येकाने शेजाऱ्याकडून चमचाभर आणलेलं असतं. कुणी नोकरी बदलताना पेन ड्राइव्हवर घेऊन येतो, कुणी कॉलेजच्या मित्राकडून मागवतो, कुणाला मोठ्या साहेबांनी ‘बाहेर देऊ नकोस’ असं बजावून दिलेलं असतं. बाहेर देऊ नकोस असं सांगितलेलं शीट सर्वात लवकर बाहेर जातं. फाइलचं नाव ‘बीम डिझाइन फायनल’ असं सुरू होतं आणि पुढे ‘सुधारित’, ‘नवीन’, ‘सरांनी तपासलेलं’, ‘हेच वापरा’ असे डबे जोडत जातं. माहितीच्या रकान्यात लेखकाचं नाव बघावं तर ‘यूजर’. हा यूजर म्हणजे भारतातला सर्वात अनुभवी स्ट्रक्चरल इंजिनियर असला पाहिजे. मुंबईपासून नागपूरपर्यंत निम्मी बांधकामं त्याच्याच शीटवर झालेली आहेत आणि अजून त्याने एकदाही फीची मागणी केलेली नाही.

खरं तर ही स्प्रेडशीट नावाची वस्तू आमच्यासाठी बनलेलीच नव्हती. डॅन ब्रिकलिन हा हार्वर्ड बिझनेस स्कूलचा विद्यार्थी. प्राध्यापक फळ्यावर हिशेबाचा तक्ता मांडत. त्यात एक आकडा बदलला की पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. हे बघून त्याच्या मनात आलं की पुसण्याचं काम यंत्राने करावं. त्याने आणि बॉब फ्रँकस्टनने मिळून केलेलं ‘व्हिजिकॅल्क’ १९७९ मध्ये अ‍ॅपल टूवर आलं. मग १९८३ मध्ये लोटस १-२-३, आणि १९८५ मध्ये एक्सेल, तेही आधी मॅकिंटॉशवर. सगळी खटपट नफा-तोट्यासाठी. पण ‘एक आकडा बदलला की सगळं पुसा’ हे दुःख हिशेबनिसांपेक्षा आम्हाला जास्त. आर्किटेक्ट नावाचा प्राणी एक आकडा नव्हे, रोज एक भिंत बदलतो.

त्याआधीच्या काळातले साहेब अजून काही ऑफिसांत भेटतात. त्यांच्या टेबलावर एसपी-१६ हा १९८० सालचा ग्रंथ असतो. पानोपानी आलेख, त्यावर पेन्सिलीच्या रेघा, बाजूला चहाचे गोल डाग. कॉलमचं डिझाइन म्हणजे आलेखावर पट्टी ठेवायची, एक डोळा मिटायचा आणि ‘दीड टक्का’ असं म्हणायचं. मागून शीटने एक पूर्णांक सत्तेचाळीस म्हटलं की साहेब खुर्चीत मागे रेलतात. या पिढीची सूत्रं तोंडात असतात. सळईच्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ केलं की एका मीटरचं वजन किलोत येतं. बारा एमएमचं विचारलं तर ‘आठशे एकोणनव्वद ग्रॅम’ हे उत्तर साहेब घास न थांबवता देतात. साइटवरचा फिटरही देतो. देत नाही तो फक्त नवा ज्युनियर, कारण त्याचा लॅपटॉप गाडीत राहिलेला असतो.

शीटची रचना सगळीकडे सारखीच. पिवळे चौकोन तुमचे, त्यात आकडे भरायचे. पांढरे चौकोन यूजरचे, त्यांना हात लावायचा नाही. आणि तळाशी एकच चौकोन असतो. तो हिरवा झाला तर त्यात ‘सेफ’ उमटतं, लाल झाला तर ‘अनसेफ’. वरच्या दीडशे ओळी कुणी वाचत नाही. नजर थेट तळाला. इंजिनियरिंगची चार वर्षं, लिमिट स्टेटचं तत्त्वज्ञान, आयएस ४५६ या काँक्रीटच्या संहितेची शंभर पानं, सगळं गाळून त्या चौकोनात उतरलेलं असतं.

तो हिरवा व्हावा म्हणून ज्युनियर मंडळी जे काही करतात, त्याला डिझाइन म्हणतात. बीमची रुंदी २३० एमएम, कारण विटांची भिंत तेवढी आणि बीम भिंतीतून बाहेर डोकावलेला आर्किटेक्टला चालत नाही. खोली ४५० धरून बघायची. लाल. ६०० करायची. हिरवा. आर्किटेक्ट फोनवर किंचाळतो, ‘अहो, खिडकी कुठे जाणार?’ पुन्हा ४५०. आता काँक्रीट एम-२० वरून एम-२५ करायचं. लाल, पण फिका लाल असल्याचा भास होतो. तेवढ्यात बिल्डरचा फोन येतो. ‘साहेब, मागच्या बिल्डिंगला पोलाद स्क्वेअर फुटाला साडेतीन किलोत बसलं होतं, इथे चार का?’ मागच्या बिल्डिंगला मजले चार होते आणि इथे अकरा आहेत, हे त्याला माहीत असतं. तरी विचारायला काय जातं? भाजी घेताना कोथिंबीर मागतोच की माणूस.

मी पाहिलेला सर्वात करुण प्रसंग असा. शीटने बीमला ६२८.९ चौरस एमएम पोलाद मागितलं. वीस एमएमच्या दोन सळया घातल्या तर ६२८.३ मिळतं. कमी पडलं शून्य पूर्णांक सहा चौरस एमएम, म्हणजे मुंगीला पाय ठेवायला पुरेल इतकं. चौकोन लालभडक. ज्युनियर अर्धा तास डोक्याला हात लावून बसला. तिसरी सळई घालावी तर साहेब ओरडणार, न घालावी तर शीट ओरडतंय. शेवटी त्याने भिंतीची उंची तीन मीटरवरून दोन पूर्णांक नव्व्याण्णव केली. चौकोन हिरवा झाला, ज्युनियर चहाला गेला. त्याच वेळी साइटवर फिटरने त्याच बीमच्या सळया कव्हर ब्लॉक संपल्यामुळे दगडाच्या कपच्यांवर टेकवल्या होत्या आणि त्या पंधरा एमएम वर होत्या की खाली, हे त्या कपच्यांनाच माहीत.

एककांचा तर स्वतंत्र धर्म आहे. मोमेंट किलोन्यूटन-मीटरमध्ये येतो, सूत्राला न्यूटन-एमएम लागतात, मध्ये सहा शून्यं. ही सहा शून्यं कुणी एखाद्या पांढऱ्या चौकोनात गुपचूप गुणून ठेवलेली असतात. नवा माणूस येतो, त्याला वाटतं यूजर विसरला, तो आपली सहा पुन्हा घालतो. मग बीमला लागणाऱ्या सळया मोजायला लोकसंख्येचे आकडे वापरावे लागतात. अशी चूक लगेच कळते, म्हणून ती चांगली. वाईट चूक दिसायला अगदी सभ्य असते.

एक्सेलचे स्वतःचे लहरी स्वभाव वेगळेच. तीस अंशांचा साइन अर्धा, हे दहावीच्या मुलालाही माहीत असतं. एक्सेलला नुसतं तीस देऊन विचारा, ते उणे शून्य पूर्णांक नव्व्याण्णव सांगतं, कारण त्याला अंश कळत नाहीत, रेडियन कळतात. गोडाऊनच्या ट्रसवरचा भार त्यामुळे खाली यायच्याऐवजी आकाशाकडे निघतो. तीन नग बारा टॉर, म्हणजे बारा एमएमच्या तीन सळया, म्हणून ‘३-१२’ असं टाइप करावं, तर चौकोनात ‘३ डिसेंबर’ दिसतं. एका संपूर्ण मजल्याच्या बीमना सळयांऐवजी तारखा पडलेल्या मी पाहिल्या आहेत. कुणाला दोन डिसेंबर, कुणाला चार डिसेंबर, जणू मंगल कार्यालयाचं बुकिंग चाललंय.

हे दुखणं आमचंच नाही. मानवी जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलून टाकली, कारण ‘मार्च-१’ आणि ‘सप्ट-१’ अशी नावं टाइप केली की एक्सेल त्यांच्या तारखा करत असे. कोट्यवधी वर्षं टिकलेल्या जनुकाने एका कार्यालयीन सॉफ्टवेअरसमोर नमतं घेतलं. एक्सेलच्या कॅलेंडरात २९ फेब्रुवारी १९०० हा दिवसही आहे. तो जगात कधी उजाडलाच नाही, कारण १९०० हे लीप वर्ष नव्हतं. पण ही चूक लोटस १-२-३ मध्ये होती आणि लोकांची जुनी शीटं चालावीत म्हणून एक्सेलने ती जशीच्या तशी उचलली. स्ट्रक्चरल इंजिनियरला यात नवल वाटत नाही. पाया चुकला हे खरं, पण वर एवढे मजले चढल्यावर आता पाडतो कोण?

शीटमुळे इमारतीचं नुकसान होत नाही असं कुणी म्हणालं, तर त्याला एडिनबराला पाठवावं. तिथलं मुलांचं नवं रुग्णालय जुलै २०१९ मध्ये सुरू व्हायचं होतं. स्थलांतराला आठवडाही उरला नव्हता, तेवढ्यात ते थांबवण्यात आलं. अतिदक्षता विभागाच्या खोल्यांत तासाला दहा वेळा हवा बदलायला हवी होती, बदलत होती चार वेळा. कुठल्या खोलीला किती हवा लागते याचा एक तक्ता स्प्रेडशीटमध्ये होता. २०१२ मध्ये त्यात साध्या चार खाटांच्या खोलीचा आकडा अतिदक्षतेच्या रकान्यात शिरला, आणि पुढे बांधकाम होईपर्यंत तो तिथेच मुक्कामाला राहिला. मधल्या वर्षांत किती सह्या झाल्या असतील, किती बैठकांना बिस्किटं आली असतील! दुरुस्तीला सुमारे एक कोटी साठ लाख पौंड लागले आणि रुग्णालय पूर्णपणे सुरू झालं मार्च २०२१ मध्ये. शेजारच्या इंग्लंडमध्ये २०२०च्या शरदात जवळपास सोळा हजार कोरोना रुग्णांची नोंद गळाली, कारण जुन्या पद्धतीच्या शीटला ६५,५३६ ओळींपुढे मोजता येत नाही.

आमच्याकडची चूक एवढी प्रसिद्ध होत नाही, ती कोब्यात पुरली जाते. बाथरूमचा स्लॅब खाली बसवलेला, त्यावर ब्रिकबॅट कोब्याचा भराव. तीनशे एमएम भराव म्हटला तर चौरस मीटरला पाच-सहा किलोन्यूटन सहज होतात, म्हणजे राहत्या खोलीत माणसं आणि सामान मिळून जेवढा भार धरतात त्याच्या अडीच-तीनपट. हा भार शीटमध्ये शेवटची ओळ म्हणून कुणीतरी मागाहून घातलेला असतो. ओळ दिसते, आकडा दिसतो, फक्त बेरजेचं सूत्र त्याच्या एक ओळ वर संपलेलं असतं. छापील अहवालात कोबा दिमाखात उभा असतो आणि त्याचं वजन शून्य. प्रूफ चेकिंगला, म्हणजे कॉलेजकडे फेरतपासणीला, गेलेल्या अशा अहवालावर एका निवृत्तीला आलेल्या प्राध्यापकांनी काय केलं, ते मला आवडलं. दोनशे पानं बाजूला सारली, पाकीट उलटं केलं, मोमेंटचं डब्ल्यू एल वर्ग भागिले आठ मांडलं आणि विचारलं, ‘तुमचं याच्या निम्म्याने का येतं हो?’ समोरच्याने लॅपटॉप उघडला. प्राध्यापक म्हणाले, ‘त्याला विचारू नका, तोच आरोपी आहे.’

मात्र एका गोष्टीत शीट माणसापेक्षा प्रामाणिक आहे. बीमची खोली ठरवायला त्याचं वजन हवं, वजन कळायला खोली हवी. हे चक्र तुम्ही जसंच्या तसं मांडलं तर एक्सेल सरळ इशारा देतं, की सूत्र स्वतःलाच विचारत फिरतंय. हाताने काम करणारा साहेब असली कबुली कधीच देत नाही. ‘फुटिंगचं स्वतःचं वजन? धरा दहा टक्के.’ झालं. पुढचा प्रश्न विचारणाऱ्याला साइटवर पाठवतात.

आता या फाइलींच्या आतल्या गोष्टी. कुठल्याही स्ट्रक्चरल इंजिनियरच्या शीटला तळाशी टॅब असतात. बीम, कॉलम, फुटिंग, जिना. मग थोडी रिकामी जागा, आणि त्यापुढे खरा माणूस सुरू होतो. एकाच्या ‘जिन्या’पुढे ‘ट्रेक’ आहे. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७, कधी चढलो, गुडघा किती दुखला, एक ते दहा. दुसऱ्याकडे खडकवासला साखळीतल्या चारही धरणांचा साठा. जुलै लागला की हा गृहस्थ सकाळी आल्या आल्या खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर भरतो आणि २९.१५ टीएमसीच्या किती जवळ गेलो ते बघतो. तोवर कॉलमला हात लावत नाही. धरणं भरली की त्याचा तो चौकोन निळा होतो आणि ऑफिसला पेढे मिळतात. तिसऱ्याकडे मंडळाच्या वर्गणीची यादी आहे, तीत न देणाऱ्यांसमोर ‘अनसेफ’ उमटतं. सूत्र बीमचंच आहे, त्याने फक्त मथळा बदलला.

सर्वात सुरस शीट आमच्या एका दिवाळी अंक जमवणाऱ्या सहकाऱ्याचं. घरी बायकोचं म्हणणं, की बेडरूममधली ही रद्दी एक दिवस खालच्या मजल्यावर राहायला जाईल. याने अंकांचं वजन केलं, कपाटाचं क्षेत्रफळ मोजलं, भार काढला, शीट छापून फ्रिजवर चिकटवलं. तळाला हिरव्यात ‘सेफ’. वहिनी गणिताच्या शिक्षिका. त्यांनी लाल पेनने एका आकड्याभोवती गोल केला. परवानगीचा भार त्याने चौरस मीटरला ६ किलोन्यूटन धरला होता. पुस्तकांच्या कोठीसाठी आयएस ८७५ ही भारांची संहिता तेवढा धरायला सांगते, राहत्या खोलीसाठी २. खाली त्यांनी लिहिलं होतं, ‘ही आपली बेडरूम आहे की वाचनालय?’ असं प्रूफ चेकिंग मी कुठल्याही कॉलेजात पाहिलेलं नाही. अंक आता भिंतीलगत सगळ्या घरभर वाटून ठेवलेत.

या छंदांना ऑफिसच्या वेळेचा अपव्यय म्हणणाऱ्यांना हेही सांगावं लागेल, की खुद्द एक्सेललाही छंद होता. १९९७ सालच्या आवृत्तीत करणाऱ्यांनी विमान उडवायचा खेळ लपवून ठेवला होता. ठरावीक चौकोनात जाऊन ठरावीक बटणं दाबली की हिशेबाच्या शीटमधून थेट डोंगरांवर. जपानमध्ये तात्सुओ होरिउची नावाचे गृहस्थ निवृत्तीनंतर चित्रकलेकडे वळले. चित्रांची सॉफ्टवेअर महाग, एक्सेल घरात आहेच, म्हणून त्यातच चेरीची झाडं आणि डोंगर रंगवायला लागले आणि त्यावर नाव कमावलं. आमच्याकडे एकाने कॉलमच्या शीटमध्ये चौकोन रंगवून शनिवारवाड्याचा दरवाजा काढला होता. साहेबांनी बघितला आणि म्हणाले, ‘कमान छान आहे, पण हिला पोलाद नाही लागत, लक्षात आलं का?’ त्या दिवशी ज्युनियर जेवढं शिकला तेवढं तो ‘सेफ’ बघून शिकला नव्हता.

ज्यांच्या डोक्यावर स्लॅब आहे त्या वाचकांनी घाबरू नये. आयएस ४५६ भार दीडपट धरायला लावते, काँक्रीटची ताकद दीडने भागायला लावते, पोलादाची १.१५ने. ही पद्धत आपल्याकडे त्या संहितेच्या १९७८च्या आवृत्तीत आली, म्हणजे व्हिजिकॅल्कच्या एक वर्ष आधी. हे गुणक कमी पडलेल्या सिमेंटसाठी, वाकड्या सेंटरिंगसाठी आणि कपच्यांवर टेकवलेल्या सळयांसाठी आहेत. बेरजेतून सुटलेल्या कोब्यासाठी ते ठेवलेले नाहीत, आणि यूजरसाठी तर नाहीतच.

तेव्हा शीट वापरणाऱ्या मित्रांनो, दर इमारतीमागे निदान एक बीम कागदावर हाताने सोडवा आणि तो शीटशी ताडून बघा. बीम बाथरूमखालचा निवडा. पेन्सिल आणि कागदाचा खर्च क्लायंटच्या बिलात धरायला हरकत नाही. त्याचं शीट आमच्याकडे आहे, हवं असेल तर पाठवतो. फक्त बाहेर देऊ नका.